काचेवरची टिचकी

कोलोंगा, शनिवार

प्रिय सेमिसी मामा,

देवाने आपल्या सगळ्यांना या शनिवारपर्यंत धडधाकट आणलं, त्याचे आभार. तुझा गुडघा कसा आहे? मामीचं वजन? (पहिला प्रश्न आईचा, दुसरा माझा. मामीला वाचून दाखवू नकोस.) तू इथे विसरलेला निळा शर्ट मी घेतलाय. मामाची वस्तू भाच्याने विचारून घेतली तर गाव हसेल, म्हणून विचारलं नाही. अँटेनाच्या खांबावर चढताना तो पाठीत फाटला, तेव्हा आता परत मागूही नकोस.

पत्र लिहितोय कारण तू फोन कायम स्पीकरवर ठेवतोस आणि शेजारी सेइनी बसलेली असते; भावाचं सगळंच बहिणीच्या कानावर पडायला नको. मोआलाकाकांची सून सोमवारच्या विमानाने ऑकलंडला येतेय, तिच्या चटयांच्या गुंडाळीत हे सापडेल. परवा तू म्हणालास, सेइनीला नाताळात सुट्टी नाही, यंदा ती येणार नाही. बरं. मला काय त्याचं. मी टीव्हीबद्दल लिहितोय.

आपला टीव्ही बिघडलाय. पूर्वी नुसत्या मुंग्या यायच्या, तरी माणूस ओळखू यायचा. हा डिजिटलचा डबा लावल्यापासून बातम्या देणाऱ्या बाईचे चौकोन चौकोन होतात, हनुवटी कपाळावर जाते, आवाज उचकी लागल्यासारखा येतो आणि मग पाटी येते की सिग्नलच नाही. बाबांनी डबा बंद करून चालू केला, वायर काढून फुंकली, चॅनल नव्याने शोधायला लावले, तर होते ते चारही गेले. शेवटी पाद्रीबाबांना सहज म्हणून जेवायला बोलावलं. त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि चित्र आलं, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले. आमेन म्हणून उघडले तर गेलेलं. (माझा एक उघडा होता, म्हणून मला माहीत.)

दोष निघाला डुकरिणीचा. ती रोज संध्याकाळी खांबाला पाठ घासते आणि अँटेना शहराकडून समुद्राकडे वळते. बाबा म्हणाले, कापू या. आई म्हणाली, हात लावून बघा, सेइनी येईल त्या दिवसासाठी ठेवलीय. मग काय, मी बाहेर खांब फिरवतो आणि आई आतून ओरडते.

"आलं का गं?"

"आलं, आलं!"

"नीट आलं?"

"गेलं! तू विचारलंस म्हणून गेलं, गाढवा!"

परवा तर रस्त्यापलीकडून मोआलाकाका आईला ओरडून म्हणाले, "लावीनिया, आमच्याकडे येऊन बघ की, गावाचे कान तरी वाचतील!"

सेइनी होती तेव्हा एवढा गोंगाट नव्हता. आपल्यात भाऊबहिणीने एका खोलीत टीव्ही बघायचा नाही, त्यामुळे खोली तिची आणि आईची, आणि मी बाहेर खिडकीखाली पाण्याच्या टाकीला टेकून. रग्बीचे सगळे सामने मी कानांनी बघितलेत. चित्र गेलं की ती खिडकीच्या काचेवर नखाने एक टिचकी मारायची. मी उठून खांब फिरवायचो. आलं की दोन टिचक्या. कधी तीन वाजायच्या, म्हणजे खिडकीत माझ्यासाठी अळूच्या पानांत शिजवलेल्या लूची ताटली ठेवलीय, आईला सांगू नकोस. शब्द एक नाही. मामा, आम्ही जन्मात जेवढं बोललो असू, त्यातलं निम्मं त्या काचेवरच.

आता ती नाही, तर मला आत बसायची मोकळीक आहे. पहिल्या दिवशी ऐटीत कोचावर पाय पसरले. ज्या खेळाडूला मी आवाजावरून डोंगराएवढा समजत होतो, तो आपल्या बाबांपेक्षा बुटका निघाला. अर्ध्या तासात उठून टाकीजवळ जाऊन बसलो.

तेव्हा नाताळला तू सामान भरून ड्रम पाठवतोस, त्यातून एक नवा डबा पाठव, एवढंच मागणं. तुझा शर्ट घातलेला,

लोपेती

ता. क. डबा नको. डबा ठणठणीत आहे. डुकरिणीला मी तीन आठवड्यांपूर्वीच नीरफणसाला बांधलंय, खांबापर्यंत ती पोचतच नाही. आता संध्याकाळी खांब मीच फिरवतो आणि टाकीला टेकून बसतो. मग आई ओरडते. तिला टिचकी मारता येत नाही, मी शिकवून पाहिलं. (खरं सांगायचं तर सेइनी असतानाही निम्म्या वेळा मीच फिरवायचो. डुकरीण उगाच बदनाम झाली.)

ता. क. पुन्हा. ड्रमही राहू दे, तिलाच पाठव. तिच्या साहेबाला काहीतरी थाप मार, तुला येते, मी तुझ्याकडूनच शिकलो. ती आली की मी मुकाट बाहेर जाऊन बसेन, आतला कोच नकोच मला. पण हे मी म्हटलं असं तिला सांगू नकोस. भावाने बहिणीला असलं काही कळवायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तू फक्त रात्री जेवताना तिच्या शेजारी टेबलावर नखाने टिचकी मार. एकच.