तळ्याकाठी तीन मुक्काम

३ मे १९९५, पाटोदा
बारावीच्या परीक्षेत मृत्युंजयची कॉपी मीच पकडली, रिपोर्टही मीच केला. वर्ष गेलं. दोन महिने तो माझ्याशी बोलत नाही. पोटच्या पोराला सोडायचं, मग प्राध्यापक कशाला म्हणायचं? (परक्याच्या पोराला सोडलं असतं का? प्रामाणिकपणे: त्याच आठवड्यात कॉपी करणाऱ्या दोघांना सोडलं.)
नऊ तारखेला तो मामाकडे पुण्याला चाललाय, कायमचा. त्याआधी बापलेकांनी तळ्याकाठी तंबूत तीन मुक्काम करायचे. मोकळ्या हवेत माणूस बोलतो. फॉरेनला फॅमिल्या हेच करतात. कॉलेजातून एनसीसीचा तंबू घेतला. रीतसर अर्ज करून.

४ मे
बायको, शांतादेवी, म्हणाली, निम्मा तालुका ऊसतोडीला जाऊन सहा महिने कापडाच्या पालात राहतो, आता तुम्ही हौसेनं राहा. तिला कॅम्पिंग कळलेलं नाही.
मृत्युंजय तयार झाला. आईनं शपथ घातली म्हणून. पण झाला.

५ मे, संध्याकाळ
पाणी बरंच आटलंय. अगदी काठाशी मऊ, सपाट जागा मिळाली. खुंट्या सहज आत गेल्या. मृत्युंजयने दोर धरला. न बोलता, पण घट्ट.

६ मे, सकाळी ७
जागा मऊ का होती ते कळलं. पाणी हटेल तसं लोक तळाच्या गाळात टरबुजं लावतात. आमच्या खुंट्या वच्छलाबाईंच्या म्हाताऱ्या सासऱ्याने लावलेल्या वेलांत.
तीनदा माफी मागितली. बाई भांडल्याच नाहीत, हळहळल्या. म्हणाल्या, गुर्जी, आमी आत्ता कुठं पाल मोडून गावाकडं आलाव, अन् तुमी ते काहून ठोकलं? घरातून काढलं का काय?
मी कॅम्पिंग समजावू लागलो. मृत्युंजय मधेच म्हणाला, मावशी, यांना न्हाई, मला काढलंय.
मग त्याने बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लई कडक हाय की बाप! त्याला टरबूज फोडून दिलं. तासभर दोघं बोलत होती. मी खुंट्या उपटत ऐकलं.
प्रगती आहे.

दुपारी १
त्याला त्या दोन पोरांचं सांगावं का? लपवणं म्हणजे खोटंच. खरं बोललं की नातं जुळतं. जेवण झालं की सांगणार.

संध्याकाळी ५
सांगितलं. हलकं वाटलं.
तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, नावं काय त्यांची? मी सांगितली. एक त्याच्याच मागच्या बाकावरचा निघाला. त्याने पिशवी भरली आणि एसटीकडे चालू लागला.
दोन मुक्काम राहिले. तंबू परवापर्यंत माझ्या नावावर आहे, तोवर इथेच थांबतो. मन बदललं तर जागा त्याला माहीत आहे.

९ मे, पाटोदा
पुण्याची गाडी आठची, तो मित्राकडून परस्पर येणार, म्हणून साडेसातला स्टँडवर गेलो. सातलाच गेलेली.
शांतादेवीला विचारलं, आठ का सांगितलं. म्हणाली, त्यानंच सांगायला लावलं.