मोटारीचा भाव, कोठ्याचा भाव

१४ फेब्रुवारी १९३८, सोमवार

साठ रुपये! एका दाराचे!

मोटारखान्याचं डावं कवाड परवा बिजागऱ्यांतून निखळलं. तेव्हापासून लॉरी उघड्यावर. रात्रीतून कोणी चाकं काढून नेली तरी कळायचं नाही. धाकटे दीर खुशालराव आज राजापेठेतून पुंजाराम मिस्त्रीला घेऊन आले. त्यानं कवाडाकडे ओझरतं पाहिलं, लॉरीला मात्र दोनदा वळसा घातला. मग म्हणतो, "चौकटच गेली. नवी लागते. साठ रुपये."

मी म्हटलं, एवढे कशाचे?

"मोटारीचं कवाड हाय बाई, बैलाच्या कोठ्याचं नाही!" आणि फिदीफिदी हसला. भाऊजी खाली मान घालून उभे. त्यांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही, म्हणजे कमाल आहे!

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. दिवाळीपासून तर कहरच. विहिरीचं इंजिन असो की लॉरीची ट्यूब, जो तो वाढवून मागतो. बाईमाणूस, तिला काय कळतं! पण मला कळतं. बाजारात एकदा बोभाटा झाला की माणिकबाईला गंडवता येतं, की दलालही संत्र्याचा भाव पाडून मागतील. मग लॉरीही जाईल आणि बगीचाही. साठ रुपये मी देणार नाही.

१६ फेब्रुवारी

दुसरा मिस्त्री बोलावला. आल्या आल्या काय विचारतो? "पयले कोन येऊन गेलं?" पुंजारामचं नाव आणि त्याचे साठ ऐकले आणि गडी म्हणाला, पंचावन्न. दाराला हातसुद्धा लावला नाही! चहा मात्र बशीतून फुंकून फुंकून प्याला.

अकोल्याचे आमचे जावई तरी काय वेगळे? कापसाच्या जिनात कारकून, पण तोरा मालकाचा. देवीदासरावांना लग्नात सायकल दिली, मग घड्याळ दिलं, दिवाळीत रोख मागायला लागले. मी तोंडावर सांगितलं, आता एक छदाम मिळणार नाही. त्यानंतर चकार शब्द नाही! अशा लोकांना ठणकावूनच सांगावं लागतं. मिस्त्र्यांनाही तेच औषध.

लेक जमुना मात्र संक्रांतीलाही आली नाही. घरी काम फार आहे म्हणे. भाऊजी भेटून आले, त्यांनी सांगितलं.

१७ फेब्रुवारी

भाऊजी सकाळपासून मागे लागलेत – विसार द्या, नाहीतर पुंजाराम दुसरं काम धरेल. धरू दे! खुशाल धरू दे!

१८ फेब्रुवारी

सुचलं! भाजी निवडता निवडता सुचलं आणि एकटीच हसले.

डायवर जानरावला सांगितलं, लॉरी बगीच्यात नेऊन लाव. मोटारखान्यात बैलजोडी बांधली. तेलाच्या डागांवर कडबा पसरला. बाकीचं बैलांनी केलं. मग बडनेऱ्याहून शालिकराम मिस्त्रीला बोलावलं. राजापेठेतला कोणीच नको. भाऊजी बाजारात गेले होते ते बरंच झालं.

शालिकरामनं कवाड पाहिलं, खांब हलवून पाहिला. "कोठ्याले एवढं रुंद कवाड कायले बाई?"

म्हटलं, बैल लठ्ठ आहेत.

त्यानं बैलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चौकट चांगली हाय. काळी माती हे, वाळली का भेगा पडते, खांब कलते. खांब सिधा करतो, दोन बिजागऱ्या नव्या. नऊ रुपये द्या."

नऊ! बैलांना नऊ आणि मोटारीला साठ! हसू आलं तेवढं आलं, नंतर अंगाचा नुसता तिळपापड. शालिकरामला सोमवारी ये म्हणून सांगितलं. उद्या पुंजारामला गाठते.

१९ फेब्रुवारी

गाठलं. भर राजापेठेत, त्याच्या दुकानासमोर उभी राहून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार माणसं जमली. पुंजाराम आधी गुरगुरला. मग लोक ऐकताहेत म्हणताना रडकुंडीला आला.

"मी त बाराच सांगतले होते बाई! साठ म्हन, असं तुमच्या दिरानंच सांगतलं. वरचे त्यायले पायजेत होते. इचारा त्यायले!"

सगळ्यांसमोर!

घरी कशी आले आठवत नाही.

२० फेब्रुवारी

म्हणजे इंजिनवाला चोर नव्हता. ट्यूबवालाही नव्हता. दिवाळीपासूनची प्रत्येक दुरुस्ती भाऊजींच्याच हातून झाली. मी उगाच त्या बिचाऱ्यांना शिव्या मोजत बसले, आणि चोर माझ्या हातची भाकरी खात होता. हे गेले तेव्हा माझ्यासमोर रडून म्हणाला होता, "वैनी, मी हाय." होताच की! चांगलाच होता!

२१ फेब्रुवारी

शालिकराम येऊन कवाड बसवून गेला. एका बोटानं ढकललं तरी फिरतं. जाताना म्हणाला, "बैल सुखी हायेत बाई तुमचे." सगळं समजलं होतं त्याला. तरी नऊच घेतले.

भाऊजींना समोर बसवलं. विचारलं, पैसे कुठे गेले? जुगार? बाई? मी म्हटलं, उद्यापासून तुमची चूल वेगळी, माझ्या दारात उभं राहायचं नाही. उठले आणि अंगणात जाऊन बसले. बसा!

२२ फेब्रुवारी

भाऊजी सकाळी दाराशी येऊन बोलले. "मी नाही खाल्ले वैनी. अकोल्याले देल्ले. तुमी नाही म्हनल्यापासून जवाई मले मांगते. कमी पडले का जमुनीले मारते. पौषात हात मोडला तिचा. तिनंच शपथ घातली, आईले सांगू नका."

काहून नाही सांगितलं मला! काहून!

बडनेऱ्याला मालगाडीची वाघीण लागली आहे, लॉरीत संत्री भरून तयार. जानरावला म्हटलं, टोपल्या खाली उतरव. लॉरी रिकामीच अकोल्याला घे, मी पुढे बसते. जमुनाला कायमची आणायची आहे.