दोन नाटकांवर अमेरिका

६ नोव्हेंबर
व्हिसा आला! नागपूर–दिल्ली दीड तास. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सोळा तास, बारा हजार किलोमीटरच्या वर. रिनाला जानेवारीत बाळ होणार, पहिलंच. फोनवर म्हणाली, "आई, तुझी कंबर... सोळा तास बसवेल ना? नक्की सांग, मगच तिकीट काढते."
बसवेल, म्हटलं. खरं तर आमच्या सावली गावाहून चंद्रपूरला जातानाच मी एसटीत अर्ध्या वाटेत उभी राहते.

७ नोव्हेंबर
यांचं वेगळंच! विमान दिल्लीहून पहाटे चारला निघतं, तिथे सकाळी साडेसहाला पोचतं. तारीखही तीच. "म्हणजे अडीच तास झाले माधवी! काऊन घाबरून राह्यली?"
तिथलं घड्याळ मागे असतं, हे दोनदा समजावलं. पृथ्वी फिरते, हेही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं या माणसाने!
कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमिना आठवल्या. भिंतीवरच्या नकाशात चंद्रपूरपासून त्यांच्या केरळातल्या गावापर्यंत लोकर ताणायच्या. "बघा मुलींनो, चार बोटं फक्त!" आणि मग उगाच खिडकीबाहेर बघत राहायच्या.

९ नोव्हेंबर
शेजारच्या रुखमाने प्रश्न सोडवला. "बाई, मंडईतलं नाटक रातभर बसून पायता ना? तसे दोन लगातार पायले का पोचल्या अमेरिकेले!"
यांना हा हिशेब पटला. हा पटला!
मंडई, म्हणजे आमची दिवाळीनंतरची जत्रा, पुढच्या आठवड्यात. तिथेच माझी परीक्षा.

१३ नोव्हेंबर
कंबर शेकली. बाकी काही नाही.

१५ नोव्हेंबर
काल रात्री नऊला खुर्चीत बसले. रुखमाने विमानातल्यासारखा ओढणीचा पट्टा बांधला — "उठाचं नाई!" दर तासाला चिवडा. नाटक उजाडता उजाडता संपलं. लोक गेले, मी हललेच नाही. मंडपवाला पवन खुर्च्या गोळा करत आला. "बाई, खुर्ची द्या."
रुखमा ओरडली, "थांब ना बे! बाई अजून हवेत आहेत!"
त्याने माझ्या डोक्यावरचं मंडपाचं कापड काढलं. ऊन आलं. नाटकातला खलनायक अर्धी मिशी उतरवून शेजारी बसला, म्हणाला, "मले बी न्या."
आणि नऊ वाजता कंबरेतून अशी कळ आली की पट्ट्यासकट उभी राहिले. बारा तास.
यांनी मोबाइलवर नकाशा पाहिला. "समुद्रात उतरली तू."
सगळे हसले. मीही. घरी येऊन मात्र...

१६ नोव्हेंबर
रिनाला खरं ते सांगितलं. "बरं," म्हणाली. "नको त्रास करून घेऊ." मग फोन ठेवला.
जेवले नाही.

२१ नोव्हेंबर
पहाटे जावयांचा फोन. मुलगी झाली — दोन महिने आधीच. काचेच्या पेटीत ठेवलंय. मग रिनाचा आवाज. कंबरेचं विचारलं नाही. "आई, ये."
उद्याचं तिकीट मिळालं. उभ्यानेसुद्धा जाईन.