विकीवरची साफसफाई

३ मार्च, सकाळ
आजपासून विकी, म्हणजे कुणीही लिहू-बदलू शकतं ती वेबपानं, माझ्या हाती. आवाज रेकॉर्ड करायचं मुक्त सॉफ्टवेअर, जगभर लोक फुकट वापरतात, आणि त्याची मदतपानं म्हणजे अडगळीची खोली! चर्चापानावर ठणकावलं: हा वाचकाचा अपमान आहे! महिनाभरात कायापालट. सॉफ्टवेअर स्वतः अजून उघडलेलं नाही. सेनापतीने बंदुका पुसत बसायचं नसतं.

५ मार्च
सासरे आले. पुढच्या गुरुवारी घशाचं ऑपरेशन, स्वरयंत्रच काढणार. बायकोला त्याआधी त्यांचा आवाज याच सॉफ्टवेअरवर साठवायचाय. ते म्हणतात, मी काय रेडिओ आहे? ती मला म्हणाली, अहो, तुम्ही त्यातले, जरा दाखवा ना. म्हटलं, सध्या धोरण ठरतंय. सासऱ्यांनी विचारलं, विकी म्हणजे नेमकं काय करता जावईबापू? पाऊण तास समजावलं. ते म्हणाले, डॉक्टरांनी चुकीच्या माणसाचा घसा निवडला. बायको खूप हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

८ मार्च
वर्ग, उपवर्ग तयार. पानं रिकामी आहेत, पण रचना भव्य.
‘सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं तर’ हे पान घुबड या टोपणनावाच्या कुणीतरी लिहिलेलं. भाषा भिकार. उडवलं. तिथे माझी प्रस्तावना. शेवट झकास जमलाय: ‘जे मोडलं ते निर्धाराने टाकून द्या. नव्याने सुरुवात करा!’
घुबडाची कुरकुर: दादा, लोक तिथे घाबरून येतात, कुठलं बटण दाबायचं तेवढं सांगा. चार परिच्छेदांचं उत्तर दिलं. गप्प झाला.

११ मार्च
सासरे अखेर तयार झाले. सकाळपासून एका बैठकीत बोलले. गाणी, शिव्या, बायकोला लहानपणी मारायची ती हाक. दुपारी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. वीज आल्यावर सॉफ्टवेअरने विचारलं: परत मिळवा, की टाकून द्या? बायकोने हाक मारली. मी आतूनच ओरडलो, विकीवर सगळं लिहिलंय!
तिने वाचलं. निर्धाराने टाकून दिलं.
सासऱ्यांचा घसा पार बसला होता. संध्याकाळी दाखल केलं.

त्याच दिवशी, नंतर
दोष विजेचा. बॅटरीचा. घुबडाने तरी इतक्या लवकर माघार का घ्यावी?
बायको रात्री दवाखान्यातच थांबली.

१२ मार्च
ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर बसून घुबडाचं पान परत आणलं. एका क्लिकवर आलं. विकीवर जुनं काही मरत नाही. पहिली ओळ: ‘घाबरू नका. परत मिळवा दाबा.’ बदलाचं कारण लिहायची चौकट असते. मी ती नेहमी ओसंडून भरतो. आज कोरी ठेवली.

१५ मार्च
सासऱ्यांना लिहायला पाटी दिली आहे. मला पाहून त्यांनी लिहिलं, ‘आता तुम्ही बोला.’
तोंड उघडलं. माफीचं एक वाक्य हवं होतं, साधं, उद्गारचिन्ह नसलेलं. आलं नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती.
त्यांनी वाट पाहिली. मग पाटी पुसून लिहिलं, ‘वा! हे रेकॉर्ड करा.’