तुमच्या वाट्याचे रोट

तीर्थस्वरूप हिलालनाना यांस (वडील तीर्थरूप, थोरला भाऊ तीर्थस्वरूप; लोक सर्रास मिसळतात) सुरतेच्या पर्वत पाटियाहून सुकदेवचा दंडवत. गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का?

यंदा घरी बसवलेल्या कानबाई देवीसाठी मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: सागवानी चौरंग (खिळा एकही नाही), त्यावरचं मखर, कापडाच्या लूमच्या जुन्या मोटरीवर फिरणारं निरांजन (पहिल्या फेरीत तेल उडालं, ते शेजारच्या भिंतीवर, दुसरीत नाही) आणि रोटांचे गहू मोजायला सव्वा मुठीचं पितळी माप. हे मला कोणी शिकवलेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

आता मूळ गोष्ट. रोटांना घरच्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू लागतात, आणि घरचे म्हणजे सगळी भावकी. म्हणून मी गावाकडच्या गणपतकाकांची अख्खी शाखा धरली, तुम्हाला, तुमच्या तिन्ही मुलांना आणि नातवांनाही धरलं. (जो रांगतो तोही पुरुषच.) काकांना गाडीचं तिकीट मिळालं नाही. तुम्ही तर फोनच उचलला नाहीत. आरतीला आम्ही तिघंच: मी, सरलाबाई आणि आमचा गजेंद्र, जो हल्ली गहू खात नाही, व्यायामशाळेतली पावडर पितो.

सोमवारी कानबाईला निरोप दिला. आज मंगळवार, शुक्रवारी पौर्णिमा, तिच्या आत रोट संपायला हवेत. मी दुधात कुस्करून खाल्ले, गुळाशी खाल्ले, गंगाफळाच्या (म्हणजे लाल भोपळ्याच्या) भाजीशी खाल्ले. टोपल्या तशाच. सरलाबाई म्हणाली, "मोजाले कोनी सांगं व्हतं? आते तुम्हीच खा!" आणि ती स्वतः भाकरी थापून जेवली.

त्यात शेजारचे भूपेंद्रभाई फरसाणवाले रोज दारात. "सुकदेवभाई, थोडो प्रसाद आपो ने!" त्यांना मी गेल्याच वर्षी सगळ्या सोसायटीसमोर समजावलं होतं की नैवेद्य दाखवायचा असतो, प्रसाद वाटायचा असतो, पण रोट हा रोट असतो, तो कुळाबाहेर जात नाही. तुम्हाला आठवत असेलच. तुम्हीच "घ्या प्रसाद" म्हणून त्यांच्या हातावर रोट ठेवला होता आणि मी तो परत घेतला होता. तुमचे व्याही समोर बसले होते हे मला ठाऊक नव्हतं. (ठाऊक असतं तरी घेतला असता, नियम व्याह्यांसाठी बदलत नाहीत.) तेव्हापासून तुम्ही कामरेज सोडून इकडे फिरकला नाहीत.

माझं काही अडलेलं नाही. पोट उत्तम आहे. पत्र घेऊन गजेंद्र मोटारसायकलवर येतो आहे. मागची सीट रिकामीच असते.

आपला,
सुकदेव

ता. क. मागच्या सीटला मी स्वतः गादी शिवली आहे. गुडघ्यांना त्रास होणार नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या नावाच्या टोपलीला मी हात लावलेला नाही. भूपेंद्रभाई काल म्हणाले, प्रसाद देत नसाल तर विकत द्या, दुकानात नवी चीज म्हणून ठेवतो. मी म्हटलं, ही टोपली नानांची, मला विकायचा अधिकार नाही. हेही म्हटलं, भूपेंद्रभाई, नाना आले आणि त्यांनी आपल्या हातानं तुम्हाला फुकट दिलं, तर मी त्या वेळी गच्चीवर निरांजनाची मोटर दुरुस्त करत असेन. एकवीसशे रुपये देत होते, नाना. रोख.