अनुपमाचा वरचा दात

अमरावती,
मंगळवार, ता. १३ फेब्रुवारी १९३४

राजमान्य राजेश्री मोरोपंत मास्तर यांस तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली मात्र आज रिवाज म्हणून विचारत नाही, खरोखरच विचारतो आहे. ताप, खोकला वगैरे नाही ना? जुन्या शहरातून मोरणा नदीचा पूल ओलांडून ज्या सायकलवर शाळेत जाता, तिचे ब्रेक लागतात ना? उलट टपाली कळवावे. (घाबरू नका. ते काम इकडे आम्ही सर्वजण मिळून करतो आहोत.)

झाले ते असे. आज सकाळी आईने अनुपमाला मांडीवर घेतले, तिच्या तोंडात पाहिले आणि एकदम गप्प झाली. आमची आई गप्प झाली म्हणजे घरात काहीतरी भयंकर घडले, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने ओळखतो. पोरीला दात आला होता. आनंदाचीच गोष्ट, आठवा महिना सरत आला आहे. पण तो आला वरच्या हिरडीला, आणि खालची हिरडी साफ मोकळी! तेवढ्यात वलगावची मैनाबाई भाजीची टोपली घेऊन दारात आली. तिने वांगी खाली ठेवली, आत डोकावली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वरचा दात आंधी आला का व बाई? मंग मामाले भारी असते!”

मामा म्हणजे तुम्ही. अनुपमाला दुसरा मामा नाही. (असता तर धोका निम्मा वाटून घेता आला असता.)

मी वकील असल्यामुळे वाद घालणे भाग होते. शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो आणि दातांचा क्रम कागदावर लिहून आणला. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन, त्यांच्या शेजारचे वरखाली चार, वर्षानंतर पुढच्या दाढा, मग सुळे आणि दोन-अडीच वर्षांपर्यंत मागच्या दाढा, एकूण वीस. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि पुढे म्हणालो की, डॉक्टरांच्या मते काही मुलांत हा क्रम बदलतो, त्यात काही वावगे नाही. आईने शांतपणे ऐकून घेतले. “म्हणजे क्रम खालून आहे, हे डॉक्टरलाही कबूल आहे,” ती म्हणाली. माझाच साक्षीदार माझ्यावर उलटला. (कोर्टातही असेच होते, पण तिथे निदान जेवण बंद होत नाही.)

यानंतर तोडगे निघाले. आईच्या मते मामाने चांदीच्या वाटीतून भाचीला खीर भरवावी. मैनाबाईच्या मते मामाने भाचीचे तोंड आधी तेलात पाहावे, मग समोरून. दोन्हींत मामा लागतोच.

आता खरे सांगतो. या सगळ्यात माझे लक्ष तुमच्या बहिणीकडे, वच्छलेकडे होते. तुम्हांला माहीत आहे, सात महिने झाले, या घरात तुमचे नाव काढायची सोय नाही. बारशाला तुम्ही आला नाहीत, कारण शाळेत इन्स्पेक्टर येणार होते. ते तिने कसेबसे सोसले. मग तिने तुम्हांला चार पानी पत्र लिहून बारशाची सगळी हकीगत कळवली. ते पत्र तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवलेत. पोरीच्या नावातला ‘नु’सुद्धा! (मास्तर, हा धंदा घरी आणू नये. मी बायकोची उलटतपासणी घेत नाही, त्यामुळेच आजवर जिवंत आहे.) त्या दिवसापासून तिने दौतीला हात लावला नव्हता.

तीच वच्छला आज चुलीपुढे बसून हुंदके देत होती. भाकरी करपली तरी तिला भान नव्हते. “दादाले काही झालं तर मी काय करू? मी तर त्याच्याशी बोलतसुद्धा नव्हते,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिची समजूत घालायला माझ्याकडे एकही कलम नव्हते. दिवेलागणीला तिने स्वतः दौत-टाक आणून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिली. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळच्या गाडीने निघा, बडनेऱ्याला गाडी बदला, मी स्टेशनवर येतो. वाटी आम्ही आणतो. तुम्ही फक्त धडधाकट या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
उत्तम

ता. क. बुधवार, सकाळ. पाकीट बंद करणार इतक्यात अनुपमाने माझ्या चष्म्याची दांडी तोंडात घातली. बाहेर काढली तर दात दांडीला चिकटून आला! लाहीचे टरफल होते. खालच्या हिरडीवर मात्र बोटाला काहीतरी खरखरीत लागते आहे. म्हणजे क्रम बरोबर आहे आणि तुमच्या जिवाला कसलाही धोका नाही. मी हे कोणाला सांगितलेले नाही. सात महिन्यांत मला जे साधले नाही ते एका टरफलाने साधले. ते वाया घालवू नका. रविवारी या आणि चेहरा जरा चिंताग्रस्त ठेवा.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर ओला असतानाच वच्छलेने माझ्या खांद्यावरून वाचला. आता रडारड की भांडण, असा विचार करत होतो, तर ती हळूच स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाली, “टरफल मी कालच दुपारी पाहिलं होतं. तसंच राहू दिलं. सासूबाईंना सांगू नका, अन् बसून काय राहिले? टपाल निघायच्या आधी पत्र टाकून या.”