बासष्ट टक्क्यांवर काढलेला प्लग

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ताईंचा खोकला गेला का, आणि बाल्कनीतल्या त्या हट्टी रोपाला एक तरी टोमॅटो धरला का, हे सवडीने कळवा. आम्ही दोघं खुशाल आहोत. घरात आजारी होता तो फक्त राउटर, आणि त्याच्या आजाराला कारण मी. फोन न करता कागद-पेन घेऊन बसलोय, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे, तुमची मेहुणीही बाहेरच्या खोलीत आहे, आणि तिचे कान तुम्ही ओळखून आहात.

तर झालं असं. तुमची मेहुणी शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी चार वाजता इंटरनेटवरून पुस्तक वाचून दाखवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्यांची नजर अधू झालीय अशी नऊ माणसं आपापल्या घरी बसून ऐकतात. सात महिने एकच जाडजूड कादंबरी चालली होती, दीपगृहात राहणाऱ्या एका बाईची. तिचा भाऊ बोट घेऊन गेलाय आणि तो परत येतो की नाही, हे सात महिने नऊ माणसांच्या जिवाला लागलेलं. गेल्या शनिवारी शेवटचं प्रकरण होतं.

शुक्रवारी दुपारी ती बाजारात गेली आणि मी राउटरसमोर बसलो. गेले दोन शनिवार तिचा आवाज मध्येच तुटत होता. तुम्ही मागे म्हणाला होतात, राउटरच्या पोटात फर्मवेअर नावाचा प्रोग्राम असतो, तो जुना झाला की राउटर रखडतो, अपडेट करत जा. (तुम्हाला दोष देत नाही. सल्ला उत्तमच होता, हात माझा होता.) पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, पान उघडलं, ‘नवीन फर्मवेअर उपलब्ध’ असं दिसलं, मी बटण दाबलं. एक निळी पट्टी सरकू लागली. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: अपडेट चालू असताना वीज बंद करू नये. पट्टी साठ टक्क्यांपर्यंत अगदी गुणी मुलासारखी आली, एकसष्ट झाले, बासष्ट झाले, आणि तिथेच तिने बैठक मारली.

साडूभाऊ, चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. चालता काटा थांबला की माझ्या बोटांना कंड सुटते. घड्याळाकडे बघत मी सात मिनिटं कळ काढली. (तिला वीस सांगितली आहेत.) मग मनाशी म्हटलं, अडकलेल्या यंत्राला एक हिसका दिला की चालू लागतं. प्लग काढला, पुन्हा लावला. राउटरवर एक लाल दिवा लुकलुकायला लागला आणि बाकीचे सगळे दिवे विझले.

बाजारातून आल्यावर तिने विचारलं, “हे लाल का?” मी म्हणालो, “कंपनीकडून काहीतरी असेल.” हे वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. तिने लगेच कंपनीला फोन लावला आणि तिकडच्या बाईंना असं काही फैलावर घेतलं की मला त्या बाईंची दया आली. त्या बिचाऱ्या शांतपणे एवढंच म्हणत राहिल्या, की माणूस सोमवारच्या आधी येऊ शकत नाही.

शनिवारी सकाळी तुमच्या मेहुणीने पदर खोचला. इंटरनेट नाही तर नाही, टेलिफोन आहे ना? एकेकाला फोन करून अख्खं प्रकरण वाचायचं! एका वाचनाला पाऊण तास. नऊ माणसं. मी गणित सांगू लागलो तर म्हणाली, “मध्ये बोलू नका, पाणी आणून ठेवा.” पहिलं वाचन झालं, दुसरं झालं आणि तिसऱ्याचा नंबर फिरवताना आवाज पार बसला. तोंडातून नुसती हवा येऊ लागली. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

मी आयुष्यात मोठ्याने वाचलं आहे ते फक्त घड्याळाच्या तबकडीवरचं नाव. पलीकडे होते एक निवृत्त आचारी, तीस वर्षं बोटीवर खलाशांना जेवू घातलेले. मी अडखळत दुसऱ्या पानावर पोचलो तेवढ्यात ते म्हणाले, “थांबा. एवढ्या वाऱ्यात शीड पूर्ण उघडतात? लेखकाला बोटीतलं काही कळत नाही.” मी म्हणालो, “मलाही कळत नाही, पण छापलंय तसं वाचतो.” ते म्हणाले, “वाचा, पण जरा सावकाश. तुम्ही गाडी पकडायला निघाल्यासारखे वाचताय.” मी सावकाश वाचू लागलो. आणि साडूभाऊ, काय सांगू, सावकाश वाचल्यावर ती दीपगृहातली बाई मला दिसायला लागली. भिजलेल्या पायऱ्या, हातातला कंदील, सगळं. बोट धुक्यातून बाहेर येते ते वाक्य आलं तेव्हा माझाच आवाज फुटला. पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग आचारी म्हणाले, “शेवटचं पान परत वाचा.” मी परत वाचलं.

फोन ठेवला आणि मागे बघितलं तर तुमची मेहुणी दाराला टेकून उभी होती, हातात कोमट पाण्याचा पेला. डोळे ओले. (माझ्या वाचनाने की माझ्या उच्चारांनी, ते विचारलं नाही.) त्या क्षणी मला राहवेना. म्हटलं, “कंपनीचं काही नाही. पट्टी चालू असताना प्लग मी काढला.” ओरडायला तिच्याकडे आवाज नव्हता, हे माझं पूर्वजन्मीचं पुण्य. तिने टेबलावरची वही ओढली, पेन्सिल घेतली आणि लिहिलं: “मग उरलेल्या सहा जणांना तुम्हीच वाचा.” खाली दोन रेघा मारल्या. थोड्या वेळाने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: “आणि त्या बाईंची माफी मागा.”

चौघांचं वाचन मी रविवारी केलं. चौथ्या खेपेला बोट परत येणार हे माहीत असूनही मी खुर्चीच्या टोकावर सरकून बसलो होतो. मधल्या वेळात कंपनीच्या त्याच बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “काका, प्लग सगळेच काढतात. कबूल करणारे तुम्ही पहिले.” मग म्हणाल्या, माणूस कशाला, आपणच करू. उपाय सोपा होता: फर्मवेअरची फाइल उतरवायची, राउटरला तारेने कॉम्प्युटर जोडायचा, टाचणीने मागचं बारीक बटण तीस सेकंद दाबून धरायचं आणि फाइल आत सोडायची. पण इंटरनेट दुरुस्त करायची फाइल इंटरनेटवरच! म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. शेवटी माझ्या जुन्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्या मॉडेलच्या तीन आवृत्त्या होत्या, त्यांतली नवी म्हणून तिसरी घेऊन आलो. राउटरने ती थुंकून टाकली. बाई म्हणाल्या, “खालच्या लेबलवर आवृत्ती लिहिलेली असते, ती बघा.” माझं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं. मोहरीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: दोन. पुन्हा चष्मेवाला, पुन्हा पायपीट, पुन्हा टाचणी. या खेपेला पट्टी बासष्टवर थांबली तेव्हा तुमच्या मेहुणीने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. साडेनऊ मिनिटांनी त्रेसष्ट झाले. मग सत्तर, नव्वद, शंभर. एकेक हिरवा दिवा लागला आणि आम्ही दोघं परीक्षेत पास झाल्यासारखे हसलो.

उरलेल्या दोघांना तिने काल इंटरनेटवरून वाचून दाखवलं. आवाज अजून थोडा घोगरा आहे, पण तुटत मात्र नाही. आणि बातमी अशी की येत्या शनिवारपासून एक प्रकरण ती वाचणार आणि एक मी. लोकांनीच मागणी केली म्हणे. (नऊपैकी तिघांनी. बाकीचे विचार करताहेत.) या वयात नवं काम मिळालंय, साडूभाऊ. रोज सकाळी अंघोळीनंतर खिडकीशी उभा राहून मोठ्याने सराव करतो. समोरच्या घराने खिडकी लावून घेतली आहे.

ताईंना नमस्कार.

तुमचा,
साडू

ता. क. नव्या पुस्तकासाठी काही सुचत असेल तर कळवा. बोट नको. आचारी चुका काढतात.

ता. क. दुसरा. आता मुद्द्याचं. हे आचारी तुमच्याच गावात राहतात, तुमच्या घरापासून बसने दोन थांबे. एकटेच असतात. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. त्यांच्याकडे एकदा जाऊन याल का? माणूस फार गोड आहे, गप्पांना भुकेला आहे, आणि तुम्हालाही पायाला तेवढाच व्यायाम.

ता. क. तिसरा. शनिवारी चारच्या आत गेलात तर बरं. काल फोनवर ते म्हणाले, त्यांचा राउटर रखडतो. मी म्हटलं, त्यात काय, अपडेट करू, मी सांगतो तसं करा. त्यांना पट्टी दिसत नाही, मला ती इथून दिसत नाही, त्यामुळे किती टक्के झाले ते आम्ही दोघांनी अंदाजाने ठरवलं. आता त्यांच्याकडे लाल दिवा लुकलुकतोय, तेवढा मात्र त्यांना स्पष्ट दिसतो. ते म्हणतात, “कंपनीकडून काहीतरी असेल.” मी हो म्हणालो. तुमच्या मेहुणीला अजून सांगितलेलं नाही.